एकच स्क्रिप्ट, चार यंत्रणा: शेलमधल्या चाचण्या भरवशाच्या कशा होतील?

बीड जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांची नावे आणि प्रत्येकासमोर एक आकडा, एवढाच मजकूर असलेली फाइल घ्या. तिचे नाव ‘शेतकऱ्यांची यादी’. ती वाचून बेरीज करणारी छोटी शेल स्क्रिप्ट लिहा आणि बेरीज बरोबर येते का हे पाहणारी चाचणीही शेलमध्येच लिहा. अंबाजोगाईत विंडोजच्या लॅपटॉपवर गिट बॅशमध्ये पास झालेली ही चाचणी पुण्यातल्या सहकाऱ्याच्या मॅकवर नापास होऊ शकते, उबंटूच्या सर्व्हरवर पुन्हा पास होऊ शकते आणि अल्पाइनच्या डॉकर कंटेनरमध्ये तिसरेच काही दाखवू शकते. स्क्रिप्टमधले अक्षरही बदललेले नसते. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य इथूनच सुरू होते.

शेलमधल्या चाचण्या हा जुना प्रकार असला तरी संपलेला नाही. रात्रीचा बॅकअप, सर्व्हरवरची मांडणी, इन्स्टॉलर, कमांड-लाइनवर चालणारी अवजारे यांची तपासणी शेलमधून करणे सर्वांत सरळ पडते, कारण वापरणाराही ती तिथूनच चालवतो. या चाचण्या वेगवेगळ्या यंत्रणांवर का डगमगतात, त्यावर आजवर काय उपाय निघाले आणि त्यांतले कोणते खरोखर उपयोगी पडतात, याचा हा आढावा.

एक म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. यंत्रणांमधले फरक दोन जातींचे असतात. काही फरक फक्त चाचणीच्या आड येतात. ते गप्प करावेत. काही फरक वापरणाऱ्याच्या वाट्याला येतात. ते गप्प केले तर चाचणी हिरवी दिसते आणि प्रोग्रॅम मोडकाच राहतो. या दोन जाती वेगळ्या ओळखल्या की निम्मे काम होते. मराठी मजकूर हाताळणाऱ्याला तर ही निवड टाळताच येत नाही.

शेल नेमका कोणता?

स्टीव्ह बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत आला. ब्रायन फॉक्स यांचा बॅश १९८९ चा. त्यानंतर इतकी भावंडे जन्मली की आज ‘एसएच’ या एकाच नावाने हाक मारली तरी प्रत्येक यंत्रणेत वेगळाच शेल ओ देतो. उबंटू आणि डेबियनमध्ये तो डॅश असतो, अल्पाइनमध्ये बिझीबॉक्सचा ॲश, मॅकवर जुन्या वळणाने चालणारा बॅश, ओपनबीएसडीत कॉर्न शेलच्या वंशातला.

उबंटूने ऑक्टोबर २००६ च्या ६.१० आवृत्तीत बॅशच्या जागी डॅश बसवला. डॅश आटोपशीर आणि वेगवान, पण त्याला बॅशच्या खास सवयी ठाऊक नाहीत. दुहेरी चौकटी कंस, ॲरे, दोन बरोबर-चिन्हांची तुलना वापरलेल्या स्क्रिप्ट एकाएकी मोडल्या. डेबियनने तोच बदल २०११ च्या सहाव्या आवृत्तीत केला.

मॅकची गोष्ट वेगळी. बॅशची चौथी आवृत्ती २००९ मध्ये जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आली आणि ॲपल ३.२ वरच थांबले. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकचा रोजचा शेल झेडशेल झाला. बॅश तिथे आहे, पण जुनाच. त्यामुळे नावांनी शोधता येणारे ॲरे लिनक्सवर सर्रास वापरले जातात आणि मॅकवर ती ओळच चालत नाही.

ओळ चालली नाही तर निदान कळते. त्याहून वाईट म्हणजे गुपचूप पास होणे. दुहेरी चौकटी कंसातली अट खोटी ठरली तर चूक होताच थांबण्याचा नियम बॅश ४.१ पासून तिथेही लागू होतो, ३.२ मध्ये होत नाही. बॅट्स ही चाचणी-चौकट याच नियमावर उभी आहे, म्हणून मधल्या ओळीतली अशी तपासणी मॅकवर फसली तरी चाचणी पास होते. बॅट्सच्या माहितीपत्रकातच हा इशारा दिलेला आहे.

यादीतली नावे चलात भरून एकेक करून फिरवण्याची सवयही पाहा. ‘शिरूर कासार’ आणि ‘परळी वैजनाथ’ या नावांत मोकळी जागा आहे. चल अवतरणचिन्हांत न घालता वापरला तर बॅश आणि डॅश अकराऐवजी तेरा तालुके मोजतात, तर झेडशेल सगळी यादी एकच तालुका समजतो.

इथला उपाय बऱ्यापैकी ठरलेला आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शेलचे नाव स्पष्ट लिहायचे, चल अवतरणचिन्हांत ठेवायचे आणि लिहिलेले सगळे शेलचेककडून तपासून घ्यायचे. विडार होलेन यांनी २०१२ मध्ये सुरू केलेले हे फुकट अवजार अवतरणचिन्हे विसरलेली जागा आणि डॅशला न कळणारी रचना स्क्रिप्ट न चालवताच दाखवते. खर्च शून्य, फायदा मोठा.

अवजारांची दोन घराणी

शेल एक ठरला तरी तो ज्यांना कामाला लावतो त्या आज्ञा ग्नू आणि बीएसडी अशा दोन घराण्यांच्या असतात. लिनक्सवर बहुधा ग्नू, मॅकवर बीएसडी. बिझीबॉक्स हे तिसरे घर. ते दोघांचे थोडेथोडे घेते.

फाइल जागच्या जागी बदलण्यासाठी सेडला जो पर्याय देतात त्यात ग्नूला पुढचा शब्द लागत नाही, मॅकच्या सेडला लागतो. एकाला चालणारी ओळ दुसऱ्याला चालत नाही. ‘कालची तारीख’ असे डेटला शब्दांत सांगणे ग्नूला कळते. बीएसडीत त्यासाठी वेगळाच पर्याय आहे. ओळी मोजणारी डब्ल्यूसी मॅकवर आकड्यापूर्वी मोकळ्या जागा सोडते, म्हणून ‘११’ शी केलेली अक्षरशः तुलना फसते. इकोने नवी ओळ टाळण्याचा पर्याय मॅकच्या एसएचमध्ये पर्याय म्हणून ओळखलाच जात नाही, तो छापला जातो. ठरावीक वेळेनंतर आज्ञा थांबवणारी टाइमआउट मॅकसोबत येतच नाही.

यांतली बहुतेक भांडणे जुन्या शहाणपणाने मिटतात. इकोऐवजी प्रिंटएफ वापरावे. सेडने जागच्या जागी बदल करण्याऐवजी निकाल तात्पुरत्या फाइलमध्ये घेऊन ती मूळ जागी हलवावी. आकड्यांची तुलना मजकूर म्हणून करू नये. उरलेले फरक दहा-पंधरा मदतनीस फंक्शनांत, एकाच फाइलमध्ये कोंडावेत. त्या फंक्शनांनी ‘ही कोणती यंत्रणा’ असे विचारण्यापेक्षा ‘ही आज्ञा हे करू शकते का’ असे करून पाहावे, कारण मॅकवर होमब्रू या पॅकेज-व्यवस्थापकाने ग्नूची अवजारे टाकलेली असू शकतात आणि लिनक्स म्हणजे बिझीबॉक्स असू शकतो. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले ऑटोकॉन्फ याच तत्त्वावर उभे आहे. त्याच्या माहितीपुस्तकातले शेलविषयीचे प्रकरण अजूनही या विषयातल्या सर्वांत उपयोगी वाचनांपैकी आहे.

पॉझिक्स या प्रमाणाचे काय? शेल आणि आज्ञांचा पहिला करार १९९२ चा. २०२४ च्या आवृत्तीत वर्षानुवर्षे मागितलेल्या गोष्टी आल्या: नळीतली (पाइपमधली) कोणतीही आज्ञा फसली तर सगळी नळी फसली असे मानणारा पाइपफेल, टाइमआउट, पूर्ण वाट सांगणारी रिअलपाथ, फाइलनावे शून्य-बाइटने वेगळी करण्याची सोय. पाइपफेल नसेल तर नळीतल्या शेवटच्या आज्ञेचाच निकाल धरला जातो. पहिली आज्ञा मेली तरी चाचणी पास. मात्र कागदावर आलेले कलम सर्व्हरपर्यंत पोचायला वर्षे लागतात. चालू असलेल्या अनेक डेबियन सर्व्हरांवरच्या डॅशला पाइपफेल माहीत नाही. म्हणून तूर्त जुनाच करार धरून लिहावे आणि नव्या सोयी आहेत का हे तपासून मगच वापराव्यात.

मराठी मजकूर: जिथे सोपा सल्ला अपुरा पडतो

स्थिर निकालासाठी सर्वत्र एकच सल्ला दिला जातो: चाचणी सुरू होताना भाषा-प्रदेशाची मांडणी, म्हणजे लोकॅल, ‘सी’ वर आणा. मग क्रम बाइटांप्रमाणे लागतो, चूक-संदेश इंग्रजीत येतात, सगळीकडे एकच उत्तर मिळते. चाचणीच्या सोयीसाठी हे योग्यच आहे. पण ‘सी’ मध्ये मराठी मजकूर हा मजकूर राहतच नाही, ती बाइटांची रांग होते.

‘बीड’ या शब्दाची लांबी किती? वाचणाऱ्याला दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये तीन संकेत आहेत: ब, दीर्घ ईची मात्रा, ड. युटीएफ-८ मध्ये नऊ बाइट. युटीएफ-८ लोकॅलमध्ये ग्नू ऑक तीन सांगतो. उबंटूत आधीपासून असणारा मॉक नऊ सांगतो. वीस अक्षरांपर्यंतचेच नाव स्वीकारायचे, असा नियम तपासणारी चाचणी कोणत्या ऑकवर चालली यावर तिचा निकाल ठरतो.

अंकांचे उदाहरण याहून बोलके आहे. अर्जातले देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलायला टीआर ही आज्ञा सहज सुचते. मॅकवर युटीएफ-८ लोकॅल असताना ती काम करते. ग्नूची टीआर अनेक वर्षे बाइटच मोजत आली आहे. प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइटांचा, म्हणून एका अंकाचे तीन अंक होतात: ५०० ही तीन अंकी रक्कम नऊ अंकी होते आणि चुकीचा संदेशही येत नाही. सेडच्या ‘वाय’ आज्ञेने हेच काम युटीएफ-८ मध्ये बरोबर होते. ‘सी’ मध्ये ग्नू सेड दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही म्हणून थांबते. फसायचेच असेल तर असे आवाज करून फसणारे अवजार बरे.

क्रमाचा प्रश्न आणखी फसवा. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या संकेतक्रमात तो ल आणि व यांच्यामध्ये बसतो. म्हणून बाइटक्रमात ‘काळे’ आधी आणि ‘काशीद’ नंतर, वर्णमालेप्रमाणे उलट. आता बीडच्या अकरा तालुक्यांची यादी लावून पाहा: अंबाजोगाई, आष्टी, केज, गेवराई, धारूर, परळी वैजनाथ, पाटोदा, बीड, माजलगाव, वडवणी, शिरूर कासार. अनुस्वाराच्या जागेबद्दलचा वाद सोडला तर दोन्ही रीतींनी हाच क्रम येतो. म्हणजे क्रम तपासायला ही यादी नमुना म्हणून घेतली तर चाचणी नेहमी पास होईल आणि काहीच सिद्ध करणार नाही. नमुन्यात ‘काळे’ आणि ‘काशीद’ मुद्दाम हवेत.

मराठी लोकॅल मागितला की मिळतोच असेही नाही. डॉकरच्या छोट्या प्रतिमांत तो बसवलेला नसतो. तेव्हा सॉर्ट तक्रार न करता ‘सी’ वर उतरते. अल्पाइनची मस्ल लायब्ररी भाषेनुसार क्रम लावतच नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने तर लोकॅलचे नाव तेच ठेवून क्रमाचे नियम बदलले. पोस्टग्रेस डेटाबेसचे जुने निर्देशांक त्यामुळे चुकले. तेव्हा लोकॅल आहे का हे आधी विचारावे आणि नसेल तर चाचणी ‘वगळली’ असे स्पष्ट नोंदवावे. वगळलेली चाचणी आणि पास झालेली चाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अहवालात दिसलेच पाहिजे.

थोडक्यात, चाचणीचे सांगाडे ‘सी’ मध्ये चालवावेत आणि मराठी मजकुराची थोडी पण निवडक प्रकरणे वेगळी काढून युटीएफ-८ मध्ये चालवावीत. जीलिबसीत २०२२ च्या २.३५ आवृत्तीपासून ‘सी’ ची युटीएफ-८ जोडीही मिळते: क्रम बाइटांचाच, पण अक्षर ओळखणारी. बहुतेक कामांना ती पुरते.

फाइलचे नाव

‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला ऱ्य संगणकात तीन रीतींनी लिहिलेला सापडतो. ऱ साठी स्वतंत्र संकेत आहे. र आणि खालचा नुक्ता असे दोन संकेतही चालतात. आणि र, हलन्त, मग न दिसणारे जोडचिन्ह ही तिसरी रीत. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्या दोन रीती युनिकोडच्या मते समान आहेत. तिसरी नाही, त्यामुळे प्रमाणीकरण करूनही ती पहिल्या दोघींशी जुळत नाही.

मॅकची जुनी फाइलव्यवस्था, एचएफएस प्लस, नावे सुटी करून साठवत असे. एका संकेताचा ऱ तिथे दोन संकेतांचा होऊन परत येई. २०१७ पासूनची एपीएफएस दिलेले नाव तसेच ठेवते, पण शोधताना दोन्ही रूपे एकच मानते. लिनक्सची एक्स्ट-४ नावाला निव्वळ बाइट समजते, म्हणून तिथे ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरात शेजारी राहू शकतात. तो फोल्डर मॅकवर आणला की एक फाइल दुसरीवर बसते. हा फरक गप्प करण्याचा नाही, कारण याद्या पाठवणारा माणूस कोणत्या कीबोर्डने टाइप करतो हे आपल्या हातात नसते.

नावाच्या लांबीचेही तसेच. एक्स्ट-४ मध्ये एका नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे देवनागरीचे ८५ संकेत, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त प्रत्येकी एक संकेत खातात. विंडोजची एनटीएफएस २५५ संकेत घेते. योजनेचे पूर्ण नाव, तालुका, गाव आणि वर्ष जोडून केलेले लांबलचक नाव विंडोजवर सुखाने बसते आणि लिनक्सवर नाकारले जाते. ‘७/१२’ हे नाव मात्र कुठेच चालत नाही. तिरपी रेघ आली की ७ हा फोल्डर आणि १२ ही त्यातली फाइल समजली जाते.

बाकीचे फरक माहितीतले आहेत. मॅक आणि विंडोज इंग्रजी नावांतली मोठी-लहान अक्षरे एकच मानतात. मॅकवर तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर हा प्रत्यक्षात दुसऱ्या जागेचा दुवा असतो, त्यामुळे वाटांची अक्षरशः तुलना फसते. फोल्डरातल्या फाइली कोणत्या क्रमाने मिळतील याची हमी फाइंड कुठेच देत नाही. निकाल तुलनेला घेण्यापूर्वी क्रम लावून घ्यावा.

साडेपाच तासांचा खड्डा

भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा जागतिक वेळ धरतात. म्हणून आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या काळात सर्व्हरच्या मते कालचीच तारीख असते. दिवसभर पास होणारी चाचणी रात्रीच्या फेरीत नापास होते, सकाळी कोणी पाहायला बसले की पुन्हा पास. खरीप पीक विम्याची मुदत सहसा ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टला रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी आलेला अर्ज सर्व्हरच्या हिशेबाने ३१ जुलैच्या संध्याकाळी ६:३५ चा असतो. इथे चाचणीने वेळ गोठवून प्रश्न मिटवला तर खरी चूक लपते. वेळ गोठवावी, पण मुदतीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही क्षण मुद्दाम घेऊन.

वेळक्षेत्र सांगण्यातही सापळे आहेत. नुसते ‘आयएसटी’ लिहिले तर जीलिबसी त्याला आयएसटी नावाची जागतिक वेळ समजते. ‘आशिया/कोलकाता’ हे नाव वेळक्षेत्रांची माहिती बसवलेली असेल तरच कळते. अल्पाइन आणि उबंटूच्या डॉकर प्रतिमांत ती आधीपासून नसते. ‘आयएसटी उणे ५:३०’ हे पॉझिक्स रूप त्या माहितीशिवाय चालते, आणि भारतात उन्हाळी वेळ नसल्यामुळे आपल्याला पुरते. चिन्ह उलटे वाटते ते खरे: पॉझिक्समध्ये पूर्वेकडची वेळ उणे लिहितात. अधिक लिहिले तर अकरा तासांची चूक होते.

विंडोजची बाजू

विंडोजवर शेल तीन वाटांनी येतो: गिट बॅश, सिगविन आणि २०१६ पासूनचा डब्ल्यूएसएल. डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आतले लिनक्स वातावरण, त्यामुळे तिथे पास झालेली चाचणी विंडोजबद्दल फारसे सांगत नाही. गिट बॅश सांगते.

पहिला त्रास ओळीच्या शेवटाचा. विंडोजची ओळ दोन चिन्हांनी संपते. जादाचे चिन्ह शेवटच्या रकान्याला चिकटते आणि दिसायला सारखे असलेले दोन शब्द जुळत नाहीत. गिटच्या ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये स्क्रिप्ट आणि नमुना-फाइलींचा ओळशेवट ठरवून टाकला की हा त्रास कायमचा जातो. दुसरा त्रास एक्सेलचा: युटीएफ-८ सीएसव्ही साठवताना ते सुरुवातीला एक अदृश्य खूण घालते. मग पहिल्या ओळीतला तालुका तेवढा जुळत नाही, बाकी दहा जुळतात. ओळशेवट चाचणीच्या वाटेतला फरक, ही खूण वापरणाऱ्याकडून येणारा फरक. पहिला पुसावा, दुसरा नमुन्यात ठेवावा.

याशिवाय गिट बॅश तिरप्या रेघेने सुरू होणारा शब्द फाइलची वाट समजून बदलते, फाइलनावात विसर्गचिन्हासारखे दोन टिंब चालत नाहीत म्हणून वेळ घातलेली नोंदफाइल तयारच होत नाही, दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडलेली फाइल सहसा पुसता येत नाही, आणि नवी प्रक्रिया सुरू करणे महाग असल्याने हजारो छोट्या आज्ञा असलेली चाचणी रेंगाळते.

कधी पास, कधी नापास

यंत्रणा तीच असूनही निकाल बदलतो तेव्हा चाचणीवरचा विश्वासच जातो. गूगलचे जॉन मिक्को यांनी २०१६ मध्ये लिहिले होते की त्यांच्याकडे सुमारे १.५ टक्के चाचणी-फेऱ्या असा डळमळीत निकाल देतात आणि जवळपास १६ टक्के चाचण्यांत थोडाफार डळमळीतपणा आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ५१ मुक्त प्रकल्पांतल्या २०१ दुरुस्त्या तपासल्या. सर्वांत मोठे कारण निघाले वाट पाहण्यातली गफलत, सुमारे ४५ टक्के. त्याखाली समांतर कामांची टक्कर, २० टक्के. आणि चाचण्यांचे एकमेकींवर अवलंबून असणे, १२ टक्के.

तो अभ्यास शेलचा नव्हता, पण तिन्ही कारणे शेलमध्ये रोज भेटतात. सर्व्हर सुरू करून दोन सेकंद झोपायचे आणि मग विचारायचे, ही पहिली. मंद यंत्रावर दोन सेकंद पुरत नाहीत; वेगवान यंत्रावर ते वाया जातात. ठरावीक झोपेऐवजी अट पूर्ण झाली का हे पुन्हा पुन्हा विचारावे आणि एकूण वेळेला कमाल मर्यादा घालावी. दुसरीवर उपाय: प्रत्येक चाचणीला स्वतःचा तात्पुरता फोल्डर आणि स्वतःचा पोर्ट. तिसरीवर: चाचण्या अधूनमधून उलटसुलट क्रमाने चालवून पाहाव्यात.

साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी घेण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का हे पाहतात. चाचणीपूर्वी वातावरणही तसेच शून्यावर आणावे लागते: घरफोल्डर तात्पुरता, लोकॅल आणि वेळक्षेत्र ठरलेले, वापरणाऱ्याच्या खासगी मांडण्या दूर.

गिटकडून घेण्यासारखे

या सगळ्याचे सर्वांत मोठे जिवंत उदाहरण म्हणजे गिट. २००५ पासून चालत आलेल्या या प्रकल्पाच्या शेकडो चाचणी-फाइली शेलमध्येच लिहिलेल्या आहेत आणि त्या लिनक्स, मॅक, विंडोज अशा सगळीकडे चालतात. तिथले काही निर्णय कुणीही उचलावेत असे आहेत.

प्रत्येक चाचणी-फाइलचा तात्पुरता फोल्डर वेगळा, आणि त्याच्या नावात मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली. अवतरणचिन्हे विसरली की लगेच कळते. घरफोल्डर त्यातच, लोकॅल ‘सी’, वेळ जागतिक. नोंदींची वेळ घड्याळाकडून न घेता चाचणीच पुढे सरकवते. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पूर्वअटी: दुवे करता येतात का, परवानग्यांचे नियम पाळले जातात का, फाइलव्यवस्था नावे एकत्र करते का, हे करून पाहिले जाते आणि त्याप्रमाणे चाचणी चालते किंवा कारण सांगून वगळली जाते. भाषांतरांच्या चाचण्यांसाठी आइसलँडिक लोकॅल ही वेगळी पूर्वअट आहे. सांगाडा ‘सी’ मध्ये आणि भाषेची प्रकरणे निराळी, ही विभागणी तिथे प्रत्यक्षात दिसते.

गिटची चौकट सुटी करून शार्नेस तयार झाली. सॅम स्टीफन्सन यांनी २०११ मध्ये आणलेल्या बॅट्सची जबाबदारी २०१७ पासून बॅट्स-कोअर या समूहाकडे आहे. लिहायला सोपी, पण बॅश लागतोच. शेलस्पेक आणि शयुनिट-२ डॅश व इतर शेलांतही चालतात. स्क्रिप्ट ग्राहकाच्या अनोळखी यंत्रावर जाणार असेल तर या दोन बऱ्या. फक्त आपल्या सर्व्हरवर राहणार असेल तर बॅट्स पुरते. निकाल लिहिण्याची टॅप ही साधी पद्धत १९८७ च्या पर्लपासून चालत आली आहे आणि ‘वगळली’ असे नोंदवण्याची सोय तिच्यात आहे.

मॅक नसताना मॅकची चाचणी

बीड-परळीकडे तीन-चार जणांच्या गटाने केवळ चाचणीसाठी मॅक घ्यावा, अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही. तशी गरजही नाही. विंडोजच्या एका लॅपटॉपवर गिट बॅश आणि डब्ल्यूएसएल मिळून दोन यंत्रणा होतात. डब्ल्यूएसएलमध्ये डॅश आणि बिझीबॉक्स बसवता येतात, बॅशची ३.२ आवृत्ती डॉकरच्या अधिकृत प्रतिमेत मिळते. मॅकचा शेल असा घरबसल्या हाताशी येतो. राहतात बीएसडी अवजारे आणि एपीएफएस. त्यांच्यासाठी गिटहबवर प्रकल्प खुला ठेवला तर मॅक आणि विंडोजची यंत्रे चाचणीपुरती विनाशुल्क मिळतात.

तिथेही एक बारकावा आहे. शेलचे नाव न सांगता लिनक्सवर चालवलेल्या पायरीत पाइपफेल लागू होत नाही. ‘बॅश’ असे स्पष्ट लिहिले तर होते. विंडोजवर काहीच न सांगितल्यास पॉवरशेल येतो. प्रत्येक बदलाला लिनक्सवरची पूर्ण फेरी, आणि मुख्य शाखेत मिसळण्यापूर्वी मॅक-विंडोजची फेरी, असा मेळ छोट्या गटाला झेपतो.

जिथे एकमत नाही

पहिला वाद: सगळे डॉकरमध्ये बंद करून टाकावे का? प्रोग्रॅम फक्त सर्व्हरवर चालणार असेल तर हो. पण लोकांच्या लॅपटॉपवर जाणारे अवजार एका कंटेनरात तपासणे म्हणजे फरक नाहीतच असे मानणे.

दुसरा: नापास चाचणी आपोआप पुन्हा चालवावी का? मोठ्या कंपन्या तसे करतात, कारण त्यांच्या हजारो चाचण्यांत प्रत्येक वेळी थांबणे परवडत नाही. शंभर चाचण्यांच्या प्रकल्पात ही सवय घातक ठरते. डळमळीत चाचणी बाजूला काढून तारीख टाकून दुरुस्त करावी.

तिसरा: शेलच सोडून पायथॉनकडे जावे का? तपासणीचे तर्क वाढले, तक्ते आणि गणिते आली की जावे. पायथॉन लांबी संकेतांनी मोजतो, देवनागरी अंकही ओळखतो. पण प्रोग्रॅम शेवटी शेलमधूनच चालवला जाणार असेल तर काही चाचण्या त्याच दारातून जायलाच हव्यात.

हाती वेळ थोडा असेल तर कामाचा क्रम असा लावावा. आधी शेलचेक, कारण त्याला काही खर्च नाही. मग वातावरण शून्यावर आणणारी एक फाइल आणि अवजारांचे फरक कोंडणारी दुसरी. मग डॅश आणि जुन्या बॅशवर फेरी. त्यानंतर ळ, ऱ्य, देवनागरी अंक, लांब नाव आणि मध्यरात्रीची तारीख असलेली दहा-बारा प्रकरणे. मॅक-विंडोजची फेरी सर्वांत शेवटी. आणि पुढे यंत्रणेमुळे एखादी चाचणी पडली की पहिला प्रश्न हाच विचारावा: हा फरक वापरणाऱ्यालाही भोवणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर चाचणी बदला, ‘हो’ असेल तर प्रोग्रॅम.